इंजिन थंड होईपर्यंत

त्या दिवशी सकाळी दहालाच दादाला दरदरून घाम फुटला होता. गॅरेजातल्या स्टुलावर बसून डावा खांदा चोळत होता. वहिनी चहा घेऊन आली तर म्हणाला, "अगं, छातीत गच्च झालंय. कालचं जेवण पचलं नाही बहुतेक."

"चला, दवाखान्यात जाऊन येऊ."

"हिचं इंजिन थंड होऊ दे. अर्धा तास. मग जाऊ."

ही म्हणजे शाळेची व्हॅन. व्हॅनवाल्या काकू समोर बाकावर बसल्या होत्या, बाराला त्यांना मुलं आणायची होती.

दादाचं सगळं काम सायलेन्सरचं. इंजिनातला धूर जिथून बाहेर पडतो तिथे लोखंडी नळ्यांचा जुडगा असतो, त्याला हेडर म्हणतात. त्याचे बोल्ट कुणीही आवळेल, पण रोज तापून रोज गार होऊन ते आपोआप ढिले पडतात. लोक गोंद लावतात, तो जळून जातो. स्प्रिंगचं वॉशर घालतात, तेही उष्णतेनं मऊ पडतं. दादाची रीत अशी, की थंड इंजिनावर मधल्या बोल्टापासून बाहेर आवळत जायचं, मग गाडी तापवायची, मग हात ठेवता येईल इतकी गार होऊ द्यायची आणि परत आवळायचं. शेवटी बोल्टांच्या डोक्यांतल्या भोकांतून तार ओवून त्यांना एकमेकांशी बांधून टाकायचं. "लग्नं लावली यांची," म्हणायचा, "आता पळून दाखवा म्हणावं."

गिऱ्हाईकं वैतागायची. त्याचं नावच 'थांबा साहेब' पडलं होतं. पण पाच वर्षांपूर्वी एकाची गाडी घाईत दिली, तार न बांधता, आणि बोल्ट निघून धूर आत शिरला. मागच्या सीटवरची म्हातारी बेशुद्ध पडली. वाचली ती, पण दादाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून अर्धवट गाडी कुणालाच दिली नाही.

वहिनीला हे सगळं ठाऊक, म्हणून ती फार भांडली नाही. तिनं घरातला टेबलफॅन आणला आणि उघड्या बॉनेटकडे तोंड करून लावला. लवकर गार व्हावं म्हणून. शेजारी दादा घामानं निथळतोय आणि वारा इंजिनाला.

दादा हसला पण. "नवऱ्यापेक्षा इंजिनाचे लाड जास्त."

"तुम्हीच लावलीय सवय."

काकू म्हणाल्या, "अहो, राहू द्या हो. मी आज दुसऱ्या कुणाची गाडी मागते."

"गप बसा काकू. दुसरी मिळाली नाही, की हीच अर्धवट गाडी घेऊन जाल ना? पोरं बसतात त्यात."

अर्ध्या तासाचा तास झाला. दादानं इंजिनावर हात ठेवून बघितला, पाना घेतला, एकेक बोल्ट आवळला. तार ओवायला घेतली. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं. टोक वाकवलं, पक्कड खाली ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसला. मग आडवाच झाला.

दोघींनी कसंबसं उचलून त्याला त्याच व्हॅनमध्ये घातलं. काकूंनी गाडी पिटाळली. इंजिनाचा एवढासा फटफटाट नाही की काही नाही, इतकी शांत चालली होती गाडी. म्हणून मांडीवर डोकं घेतलेल्या वहिनीला त्याचा एकेक श्वास ऐकू येत होता. पुलाच्या अलीकडे तो यायचा थांबला.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखत होतं?"

"दहापासून."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. कागदावर वेळ लिहिली. रागावले असते तर बरं झालं असतं, असं वहिनीला वाटलं.

पंधरा दिवसांनी काकू दारात आल्या. हातात पिशवी, पिशवीत दादाची एक चप्पल. मागच्या सीटखाली मुलांना सापडली म्हणे. वहिनीनं ती घेतली, पदरानं पुसली.

"गाडी कशी चाललीय?"

"काही आवाज नाही बघा."

"धूर?"

"छे. मुळीच नाही."

वहिनी चप्पल उलटी-सुलटी करून बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, तास आधी निघालो असतो तर?"

काकू रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिल्या. बाहेर व्हॅन चालूच होती.

"जा तुम्ही," वहिनी म्हणाली. "मुलं उन्हात उभी असतील."