पाठ फिरवून ऐकलेलं गाणं

"थांबा ना बाप्पा! गानं अजून उतरून राह्यलं."

गाणं संपलं आणि कुणी टाळीसाठी हात उचलले, की शेठ उजवा तळवा वर करून असं म्हणायचे. तार थरथरायची थांबेपर्यंत तो तळवा खाली येत नसे. नवख्यांना वाटायचं, या माणसाचं टाळ्यांशी वैर आहे. तसं काही नव्हतं. हात खाली आला की पहिली टाळी त्यांचीच असायची, आणि सगळ्यात मोठी.

सत्तरच्या दशकातलं मंगरूळपीर. मी तहसील कचेरीत नवा कारकून होतो. खोलीवर एकटा, त्यामुळे रविवार खायला उठायचा. अशाच एका रविवारी लोकगीत मंडळाच्या कार्यक्रमाला जाऊन बसलो आणि मग जातच राहिलो. मंडळ म्हणजे काय, तर सात-आठ हौशी माणसं, शाळेचा हॉल आणि मागून आणलेल्या सतरंज्या. हॉल झाडण्यापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळं आपल्याच हातांनी. या सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे आमचे शेठ, पेठेतले किराणा दुकानदार. जैन माणूस, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकणारा. म्हणून आमचे कार्यक्रम दुपारी तीनला सुरू होत आणि उजेडातच संपत. "शेठच्या पोटाच्या घड्याळावर मंडळ चालते," अशी गावात चेष्टा होती. ती पाहुण्यांना शेठ स्वतःच ऐकवायचे.

स्वतःचा गळा म्हणाल, तर भजनातसुद्धा घरची माणसं त्यांच्या हाती टाळ देऊन गप्प बसवत. पण कान! एखादं गिऱ्हाईक सहज गुणगुणलं तरी हे तागडी हवेत धरून विचारायचे, "हे कोठून आनलं? तुह्या मायचं का?" मीठमिरची राहिली बाजूला. अशाच चौकशीतून किंगरीच्या तारेवर गाणारा केनवडचा किंगरीवाला सापडला, आणि मालेगावकडच्या किन्हीराजा गावची ती बाईही.

साठीची शेतकरी बाई. जात्यावरच्या ओव्या तिच्याइतक्या कुणाला येत नाहीत, असं तिच्याच मुलानं दुकानात सांगितलं होतं. शेठ तिच्याकडे तीन वेळा जाऊन आले. ती म्हणे, "इतक्या मानसायत गाऊ? लोक हासतीन ना भाऊ." तिसऱ्या खेपेला शेठनी शब्द दिला, "कोनी हासनार नाही, बाई. माही जबान हाय." तेव्हा कुठे ती तयार झाली.

जात्याची व्यवस्था माझ्याकडे होती. शेजारच्या घरून जातं आणलं, स्टेजवर मांडलं, माइक लावला, आणि स्वतःवरच खूश झालो. बाई येऊन बसली. खुंट्याला हात लावला आणि काढून घेतला.

"दाने कोठी हायत?" तिनं विचारलं. "रिकामं जातं नाही फिरवत, बाबू. घरचं धान्य सरते."

दाणे आणायचे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी शहाणा काय म्हणालो? "आजी, नुसतं फिरवा हो, कोणाला कळतंय?"

माइक चालू होता. हॉलमध्ये हशा पिकला.

बाईनं पदर पुढे ओढला. मुलगा उठून म्हणाला, "चाल माय, घरी जाऊ." मी शेठकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला होता, की शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते उठून स्टेजकडे गेले. तिच्यासमोर हात जोडले, "बाई, पाच मिनिटं," आणि धोतर सावरत पेठेकडे पळाले. पन्नाशीचा, जाडजूड माणूस. पायलीभर ज्वारी घेऊन घामाघूम परत आले. पहिली मूठ स्वतः जात्यात घातली.

जातं फिरू लागलं. पण बाईचा आवाज काही फुटेना. समोर दोनशे पुरुष तिच्या तोंडाकडे बघत होते. जन्मभर ती पहाटे, भिंतीकडे तोंड करून गायलेली.

शेठ पहिल्या रांगेत होते. ते नुसते मागे फिरले आणि तिच्याकडे पाठ करून बसले. मागच्यांना आधी काही कळेना. मग मी फिरलो, माझ्यामागे मंडळाची माणसं फिरली, आमचे तहसीलदारसाहेबही खुर्ची फिरवून बसले. हळूहळू सगळा हॉल तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे पाहू लागला.

आणि मागून आवाज आला. पहिल्यांदा घरघरीच्या आड, मग त्या घरघरीवरून. माहेर, पेरणी, गेलेलं लेकरू. मी तिरक्या नजरेनं शेठकडे पाहिलं. ते उपरण्यानं डोळे पुसत होते. लाज मलाही वाटत होती, आणि रडूही येत होतं.

दाणे संपत आले तेव्हा बाई म्हणाली, "आता फिरा हिकडं. एक राह्यली हाय." आम्ही वळलो. ती शेठकडे बघून गायली:

जात्याच्या मुखी माह्या, दाना कोनं आनला गं,
पाठ देऊन बसला, भाऊ मले गवसला गं.

त्या दिवशी टाळ्या थांबवायला कुणाचा हात वर गेला नाही. शेठ हात जोडून उभे होते.

दोन वर्षांनी शेठ अचानक गेले. तिसऱ्या दिवशी मी स्टँडवर उभा होतो, तर मालेगावच्या गाडीतून ती उतरली. एकटीच. बातमी तिथवर कशी पोचली, कोण जाणे. मला तिनं ओळखलं नसावं.

"बाबू, माह्या भावाचं घर कोठी हाय?"

नाव तिला ठाऊक नव्हतं. कोणता भाऊ, हे मी विचारलं नाही. पुढे झालो, आणि ती माझ्यामागून चालू लागली.