हातोड्यावर बसणारे मामा

वर्कशॉपात पाऊल टाकलं की मामा मशीनकडे बघत नसत, माणसांच्या हातांकडे बघत. ज्याच्या हातात हातोडा दिसेल त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "हातोडा हिकडं द्या." मिळाला की तो स्टुलावर आडवा ठेवायचे, वर खांद्यावरचा टॉवेल टाकायचे आणि त्यावर ऐसपैस बसायचे. लोखंडाच्या त्या ठोकळ्यावर त्यांना कसं बसवत होतं, देव जाणे. काम होईपर्यंत हातोडा काही परत मिळायचा नाही.

त्यांचं काम म्हणजे मिलिंग मशीनमध्ये अडकलेलं टूल, म्हणजे धातू कापणारा कटर, सोडवणं. लहानशा वर्कशॉपच्या दारात तुम्ही कधी उभे राहिला असाल तर हे मशीन पाहिलं असेल. त्याचा फिरणारा पोकळ दांडा म्हणजे स्पिंडल. स्पिंडलच्या निमुळत्या तोंडात कटरचा होल्डर बसतो आणि वरून एक लांब बोल्ट त्याला ओढून धरतो. काढताना बोल्ट थोडा ढिला करून त्याच्या डोक्यावर हलकेच ठोकलं की होल्डर हातात येतो. नाही आला तर माणसं जोरात ठोकतात, मग चिडून आणखी जोरात, आणि त्यातला प्रत्येक घाव आतल्या बेरिंगला बसतो. होल्डर सुटतो खरा, पण मशीन कामातून जातं.

मामा आटपाडीकडचे. उमेदीची वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात गेली होती. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या, रोज दाढी करायची सवय आणि "आराम से" हे दोन शब्द. सांगलीत भाड्याच्या खोलीत राहायचे. बोलावणं आलं की टॉवेलात गुंडाळलेली तांब्याची छोटी हातोडी घेऊन सायकलीवर निघायचे. एकदा शिरवळच्या कुठल्याशा कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा फाटकावर त्यांच्या छातीला पाहुण्याचा बिल्ला लावला. तो लावूनच मामा एसटीने सांगलीत परतले आणि पुढचे काही दिवस मंडईतही तो लावून फिरले. परत द्यायचा असतो हे सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

साधे होते असं मात्र मी म्हणणार नाही. चांगलेच मानी होते. ते पोचण्याआधीच कुणी होल्डर सोडवलेला असला तर त्यांचा चेहरा पडायचा. स्पिंडल हाताने फिरवून, कान लावून ऐकायचे, "लय हाणलंय" म्हणायचे आणि चहा न घेता निघून जायचे. आणि संथ किती! त्यांना कामाला लावून माल न्यायचा ट्रक दारात उभा करणाऱ्या मालकांचा रक्तदाब वाढलेला मी पाहिला आहे. त्यांचं ठरलेलं वाक्य एकच असायचं, "अडकलंय, मोडलं न्हाई." पुढे आटपाडीच्या डाळिंबांची कौतुकं सुरू व्हायची.

आमच्याकडे ते आले त्या दिवशी हातोडा माझ्या दादाच्या हातात होता.

त्याआधीचं सांगायला हवं. आप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं सांगलीतलं वर्कशॉप या एका मिलिंग मशीनवर चालायचं. मी त्यांच्या हाताखाली ते चालवायला शिकले. दादा पुण्याला नोकरीत रमला. दर खंडेनवमीला आप्पा मशीन पुसून लख्ख करायचे, सगळ्यात चांगला कटर स्पिंडलमध्ये चढवायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. नारळ फुटायचा, पाणी शिंपडलं जायचं. पूजा केलेलं मशीन दसरा होईपर्यंत चालवायचं नाही, असा त्यांचा नेम होता. त्या वर्षी दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी आप्पा गेले.

वर्कशॉपला कुलूप लागलं ते पुढचा पावसाळा सरेपर्यंत निघालं नाही. कुलूप काढलं तेव्हा मशीनवर ती माळ तशीच होती, वाळून काळी पडलेली. कटरही तसाच, आप्पांनी चढवलेला. तो हलेना. शेजारच्या वर्कशॉपातले सगळे येऊन आपापला जोर आजमावून गेले.

कुलूप काढायला पुण्याहून आलेल्या दादाचं म्हणणं होतं की मशीन विकून टाकावं. मला ते चालवायचं होतं. मला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण दुसऱ्या कशात जीव नव्हता. शेवटी ठरलं, टूल निघालं तर मशीन माझं, नाहीतर भंगारवाला ते उचलून नेणार. मी मामांना बोलावलं, आणि ते आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याची गाडी यायची होती. दादा हातोडा घेऊन उभा होता, आणि खरं सांगायचं तर तो राग मशीनवरचा नव्हता. आप्पांच्या शेवटच्या वेळी त्याला पोचता आलं नव्हतं.

"हातोडा हिकडं द्या," मामा म्हणाले.

दादाने दिला. मामा त्यावर बसले. कवापासून अडकलंय, कुणी चढवलं, मधी मशीन चाललं का, असं विचारत राहिले. मी सगळं सांगितलं. आप्पांचं सांगायला लागले, तेव्हा ते खाली बघत राहिले. मग बोल्ट किंचित ढिला करून त्यांनी फटीत तेल सोडलं आणि उद्या येतो म्हणून निघाले. उद्या गाडी येणार आहे, असं दादाने सांगून पाहिलं. "येऊ द्या की," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "ताई, घरात केसं वाळवायचं मशीन हाय का?" दादा त्याच्याबरोबर आलेल्या वहिनीचं ते मशीन आणायला दुचाकीवरून घरी गेला. मला त्यांनी रसवंतीवर बर्फ आणायला पिटाळलं. मग स्पिंडलला बाहेरून गरम हवा आणि खालून होल्डरला गोणपाटात बांधलेला बर्फ, असा प्रकार सुरू झाला. स्पिंडल तापून जरा फुगणार, होल्डर गारठून आकसणार. होल्डर पडला तर म्हणून खाली मशीनच्या टेबलावर फळी आणि पोतं टाकलं होतं. मधूनच मामा तांब्याच्या हातोडीने बोल्टवर टक् करून बघत. काही होत नसे. पुन्हा बर्फ, पुन्हा डाळिंबं.

दुपारी बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दादा उठून बाहेर गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "थांबा जरा. मामा बसलेत अजून."

नंतर केव्हातरी मामांनी पुन्हा टक् केलं आणि होल्डर पोत्यावर पडला. आवाजही फारसा झाला नाही.

मामांनी बॅटरी लावून स्पिंडलच्या तोंडात पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. आत गंजाचे डाग होते, आणि त्यांच्यामधून पिवळं पिवळं काहीतरी दिसत होतं. हळद होती ती. आप्पांनी त्या वर्षी होल्डर चढवण्याआधी स्पिंडलच्या आतही हळदकुंकू लावलं होतं. ओल्या हळदीवरच होल्डर ओढून बसवला होता. इतकी वर्षं मशीन चालवलेल्या माणसाने हे का केलं असेल? तब्येतीची काही कुणकुण लागली होती की काय, मला आजही सांगता येत नाही.

मामांनी फडकं माझ्या हातात दिलं. "तुमीच पुसा. वडलांचा हात हाय त्यो." मी पुसत होते आणि रडत होते. दादा मागे उभा होता, तोही रडत होता.

निघताना मामा एवढंच म्हणाले, "पूजा टेबलावर करायची. तोंड मोकळं ठिवायचं." गाडी रिकामी परत गेली.

पुढे डोळे अधू झाले तसे मामा आटपाडीला मुलाकडे राहायला गेले. पण दर खंडेनवमीला सकाळी त्यांचा फोन यायचाच. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम प्रश्न, "तोंड मोकळं हाय न्हवं?" मी हो म्हटलं की फोन बंद.

यंदा फोन आला नाही. मी केला तर सूनबाईंनी उचलला. श्रावणात झोपेतच गेले म्हणाल्या. कुणाकुणाला कळवायचं ते घरच्यांना ठाऊक नव्हतं.

पूजेला दादा पुण्याहून आला होता. आताशा तो दर वर्षी येतो. मी त्याला मामांचं सांगितलं. कटर टेबलावर पानात ठेवले होते, माळ घातली होती, नारळ माझ्या हातात होता आणि मला तो फोडवेना. दादा पुढे झाला. वाकून मोबाइलच्या उजेडात त्याने स्पिंडलच्या आत नीट, सगळीकडून पाहिलं.

"मोकळं हाय," तो म्हणाला. इतकी वर्षं पुण्यात काढलेला माझा भाऊ.

मग मी नारळ फोडला.