दाईला शोभेल असे वर्तन

“धुरपतेले मानपान समजत नाई,” असे आमच्या मोहल्ल्यातल्या बायका म्हणत. “कलेक्टर आला तरी त्याले म्हणंन, बाजूले सरक.” असे म्हणणाऱ्या बहुतेकींची बाळंतपणे धुरपताबाईंनीच केली होती.

आंजीकडच्या आमच्या खेड्यातल्या लहानशा सरकारी दवाखान्यात त्या दाई होत्या. चोपन्न साली एक साहेब तपासणीला आले आणि थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरले. गावातल्या नत्थूजींची सून अडली होती. तिचे डोके बाईंच्या मांडीवर होते. बाई उठल्या नाहीत, नमस्कारही केला नाही. “बाहीर थांबा,” एवढेच म्हणाल्या.

पंधरवड्याने वरून इंग्रजी पत्र आले. मी वर्ध्याच्या कॉलेजातून सुटीवर आलो होतो. कंपाउंडर आनंदरावांनी मला वाचायला बोलावले. आठ दिवसांत लेखी माफी न मागितल्यास बाईंची नोकरी जाणार, एवढे सहज कळले. अडलो तो ‘कम्पोर्ट’ या क्रियापदापाशी. घरून कोश आणला. अर्थ ‘वागणे’ असाच. पण हा शब्द घरात वा बाजारात कोणी वापरत नाही. चारचौघांत आपल्या पदाला शोभेल असे स्वतःला सांभाळणे त्यात अभिप्रेत असते, म्हणून तो सभांत, कचेऱ्यांत, ताकीदपत्रांत आढळतो. बाई तसे वागल्या नाहीत, असे साहेबांचे म्हणणे होते. मी ते बाईंना समजावून सांगितले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “बाळंतिणीच्या खोलीत चालते का हा शब्द?”

“चालंन, मावशी.”

“मंग माहं पद कोनतं?”

“दाईचं.”

आनंदराव कासावीस झाले. “माफी मी लिहून ठेवली हाये. अंगठा लाव अन् मोकळी हो, धुरपता. साहेबाले हात जोडले असते तं काय झिजले असते?”

“हात रिकामे नोयते.”

बाईंच्या घरात दुसरी मिळकत नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. बाईंनी शाईची डबी आनंदरावांकडे सरकवली आणि मला कोरा कागद घ्यायला सांगितले. इंग्रजीत लिहू का, असे मी विचारले.

“मराठीतच लिही. नाई समजलं तं तेही कोश पाह्यतीन,” त्या म्हणाल्या. “लिही: माफी मागत नाई. दाईच्या कामाले जे शोभते, तेच मी केलं. नोकरी घ्यायची तं घ्या, पन बाई अडली असंन तवा कोनीबी येवो, मी उठत नाई.”