भिंतीकडच्या दूर्वा

आमचे हे जन्मभर जहाजावर इंजिनिअर. निवृत्त झाले आणि त्यांना दुसऱ्यांच्या बागांत शिरायचं वेड लागलं. निमित्त गणपतीच्या पत्रीचं. इथे परदेशात बाजारात मिळते ती कोमेजलेली, देवाला असली पानं वाहायची का, म्हणून हे गृहस्थ तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटवरून बसने बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत जायचे आणि बंगल्याबंगल्याची बेल वाजवून विचारायचे, जरा बाग बघू का? मी मागे पिशवी धरून उभी, मान खाली. कुत्री भुंकायची, मोलकरणी संशयाने बघायच्या. पण ह्यांचा चेहराच असा गरीब, की थोड्या वेळात आम्ही आत असायचो.

बाहेरून नुसत्या भिंती दिसतात. आत कुठे कमळाचं कुंड, कुठे गंजलेला झोपाळा, कुठे डाळिंबाचं झाड, ज्याला फळ धरत नाही म्हणून मालक खट्टू. ह्यांना फळाशी काय देणंघेणं, पानं मिळाली की झालं.

त्यातच ती चिनी म्हातारी भेटली. मोठा बंगला, एकटी बाई, आणि ऑर्किड तर अशी की बघत राहावं. तिने हौसेने दाखवायला नेलं, तर आमचे साहेब भिंतीच्या कडेला उकिडवे बसलेले. दूर्वा सापडल्या होत्या! गवत मागायला आलेला माणूस बघून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ह्यांनी तिला तीन पात्यांचा कोवळा शेंडा कसा ओळखायचा, नखाने कसा खुडायचा ते शिकवलं. तेव्हापासून भिंतीकडचा तो तुकडा माळ्याने कापायचा नाही, असा तिचा हुकूम. दरवर्षी आम्ही गेलो की बार्लीच्या थंड पाण्याचे दोन ग्लास बाहेर यायचे.

ह्या वर्षी चिनी नववर्षाच्या सुमारास हे गेले. झोपेतच. सगळ्यांना फोन मुलाने केले, मी कुणालाच काही सांगितलं नाही. तोंडातून ते वाक्य निघेचना. वर्षभर सण नाही, म्हणजे गणपतीही नाही. एरवी अर्ध्या मराठी मंडळींना आमच्याकडून पत्री जायची. यंदा कुणी विचारलंही नाही. समजूतदार माणसं. मला मात्र त्यांचा रागच आला.

पण त्या बाईला कोण सांगणार? ती गवत वाढवत बसली असणार. म्हणून मीच गेले, सवयीने पिशवी घेऊन. बसमध्ये ते एक इंग्रजी वाक्य मनात घोकत होते.

फाटक उघडून तिने माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

“तो कुठे?”

“गाडी लावताहेत,” मी म्हणाले.

कुठून सुचलं देव जाणे. आमच्याकडे गाडी कधीच नव्हती. दरवर्षी बस स्टॉपपासून चढ चढून घामाघूम झालेला माणूस तिने पाहिला होता. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन नेहमीसारखे दोन ग्लास घेऊन आली, पायरीवर ठेवले आणि माझ्याशेजारी बसली.

“मग वाट बघू या,” ती म्हणाली.

आम्ही बसलो. दूर्वा यंदा भिंतीच्या कडेने पार गटारापर्यंत पसरल्या होत्या. ते बघून हे किती खूश झाले असते.

“ते नाही येणार आता,” मी म्हणाले. घोकलेलं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं, मराठीतच बोलले. पहिल्यांदा बोलले.

माझ्या पाठीवर हात ठेवून ती उठली, गुडघे धरत धरत भिंतीकडे गेली आणि खाली बसली. एकेक शेंडा निरखून, तीन पात्यांचा तेवढाच, नखाने खुडू लागली. अगदी हे खुडायचे तसा.

यंदा आमच्याकडे गणपती नाही, दूर्वा नकोत, हे तिला सांगायला हवं होतं. मी जवळ जाऊन पिशवी उघडून धरली.