शाईताईंचे गोळे

शाईताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वीस वर्षं त्यांनी शाळेच्या पुस्तकांसाठी रेणूंची चित्रं शाईने काढली. ते काम बंद पडलं, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी त्या प्रोग्रामिंग शिकायला बसल्या. "आता या वयात?" नवऱ्याने विचारलं. "मग कधी, पुढच्या जन्मी?" बाईंनी एकदा मनावर घेतलं की घेतलं.

आता औषधांचे रेणू पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं चित्र त्या सांभाळायच्या. संगणकात चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड प्रत्येक अणूच्या जागी एक सपाट चौकोन मांडतं आणि त्यातल्या एकेका ठिपक्याची चौकशी करतं: तू गोळ्यात येतोस का, तुझ्यावर उजेड किती? बाहेरचे ठिपके फेकून देतं, आतले रंगवतं. दोन अणूंचे ठिपके एकाच जागी आले, तर जवळचा राहतो, लांबचा जातो. हे सगळं लाखभर अणूंसाठी, पापणी लवायच्या आत.

शुक्रवारी औषध शोधणारी डॉक्टरबाई येणार होती. तीन रेणूंपैकी एक निवडून ती त्यावर अख्खं वर्ष घालवणार होती. पहिला तिचा लाडका. शरीरातल्या ज्या प्रथिनाला औषध चिकटायला हवं, त्याच्या खाचेत तो अगदी चपखल बसलेला दिसायचा.

बुधवारी सकाळी शाईताईंनी तो पडद्यावर मोठा करून पाहिला. एकमेकांत घुसलेल्या दोन गोळ्यांमध्ये वळणदार शिवण दिसायला हवी. इथे एकही नव्हती. शाईच्या दिवसांत त्या आधी मागचा गोळा काढत आणि मग पुढचा सबंध त्यावर. तीच सवय प्रोग्राममध्ये उतरली होती. अख्ख्या चौकोनाला त्यांनी गोळ्याच्या मध्याचंच अंतर दिलं होतं. रंगवलेला गोळा टपोरा, पण कार्डाच्या लेखी ती नुसती चकती; दुसऱ्यात रुतलेला गोळाही सबंध, त्याच्या पुढे असल्यासारखा दिसायचा.

"परवा दाखवायचंय," ऑफिसातले साहेब सगळं ऐकून कपाळाला हात लावून म्हणाले. "छान दिसतंय, कशाला हात लावता? ठिपक्याठिपक्याचं अंतर मोजलंत तर फिरवताना अडखळेल."

"अडखळू दे. डॉक्टरबाईच्या वर्षाचा प्रश्न आहे."

अडखळलंच. झाकले जाणारे ठिपके कार्ड एरवी न रंगवताच टाकून द्यायचं. खरं अंतर आधी कळेना, म्हणून ती सवलत गेली. साहेबांनी "बघा, म्हटलं नव्हतं?" असा चेहरा केला. शाईताईंनी त्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुरुवारी दुपारी त्यांनी प्रत्येक चौकोन गोळ्याच्या पुढच्या टोकाला आणून ठेवला आणि कार्डाला बजावलं, खरा ठिपका याच्या मागेच असेल, पुढे कधीच नाही. चौकोनच झाकला जात असेल तर मागचा ठिपका झाकलेलाच, एवढ्यावर कार्डाचं भागलं. चित्र पुन्हा पळू लागलं.

शुक्रवारी डॉक्टरबाईसमोर पडद्यावर लाडका रेणू फिरला. त्याचे दोन अणू खाचेच्या भिंतीत अर्धे रुतलेले होते.

"मागच्या आठवड्यात तर छान बसत होता," डॉक्टरबाई म्हणाली.

"बसत नव्हता. मी तसा दाखवत होते. चूक माझी आहे, दोन महिन्यांपासूनची."

साहेब छताकडे बघत राहिले. डॉक्टरबाईचा चेहरा पडला. तीन वर्षं तिने त्या रेणूला जीव लावला होता.

"ताई, मग आधी पाठवलेली चित्रं?" तिने विचारलं. "तीही पुन्हा बघावी लागणार."

शाईताईंनी पिशवीतून त्या चित्रांच्या यादीचा घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "सत्तावीस आहेत. कुठल्यापासून सुरुवात करू या?"

डॉक्टरबाईने खुर्ची पुढे ओढली.