हळदीखालचे हात

तीन महिने मी गावदेवीशी अबोला धरला होता. दर मंगळवारी देवळात जात होते, नारळ ठेवत होते, ओटी भरत होते, सगळं रीतसर. फक्त बोलत नव्हते. एरवी माझी पद्धत अशी, की गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी फतकल मारून बसायचं आणि घरातलं, गल्लीतलं, मासळीबाजारातलं सगळं आईच्या कानावर घालायचं. गावात काय चाललंय ते तिला माझ्यामुळेच कळतं, असा माझा पक्का समज. आणि त्याच आईनं माझ्या हातांवर कोड आणलं! मग म्हटलं, बस आता बातम्यांशिवाय.

मी धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात एकेका विधीला धवला गायचा असतो आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजींचे मंत्र कुणाला कळत नाहीत. माझं गाणं मात्र नवरीच्या आजीपासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं. सासूबाईंनी मला हे शिकवलं. भाताची आवणी करताना शिकवलं, कारण तेव्हा आमच्याकडे शेतं होती. आता ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आतल्या आमच्या गावाला चारी बाजूंनी टॉवरांनी घेरलंय, लग्नं एसी हॉलमध्ये होतात आणि हळदीला डीजे असतो. तरी तो डीजे बंद करून लोक मला गाऊ देतात. आणि आमच्या घराण्यात नवरीला पहिली हळद लागते ती धवलारणीच्याच हातानं. म्हणजे माझ्या.

पहिला डाग अंगठीच्या बोटावर आला, तांदळाच्या दाण्याएवढा. मला वाटलं भाकरीचं पीठ आहे; दोनदा पुसलं. मग मनगटावर आला, मानेवर आला, कोपरांवर, पायांवर. सहा महिन्यांत दोन्ही हातांची बोटं अशी झाली, जणू कुणी चुन्यात बुडवून काढली. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. मला भीती होती ती वेगळीच. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी प्रणाली माझ्या मांडीवर वाढलेली. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. तिनं मला आधीच बजावून ठेवलं होतं, “काकी, मेकअपवाली कोनपन चालंल. धवला तुजाच पायजे, आन पयली हळद तुज्याच हाताची.” आता असले हात नवरीच्या गालाला लावू देतील का लोक? कुणी तोंडावर काही बोलणार नाही; फक्त हळदीची वाटी हळूच दुसरीच्या हातात जाईल. मी इतकी लग्नं पाहिली आहेत, ती वाटी कशी सरकते ते मला चांगलं ठाऊक आहे.

उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. शेजारणीनं मासे सोडायला सांगितले. आगऱ्याच्या बाईला मासे सोडायला सांगायचं, म्हणजे श्वास सोडायला सांगण्यासारखंच की! मी मासे ठेवले आणि शेजारीण सोडली. मग वाशीला एका वैद्यबुवांकडे गेले. भला माणूस. त्यांनी पोटात घ्यायला काढा दिला आणि डागांवर लावायला बावचीचा लेप. नीट सांगितलं, की चिमूटभर लावायचा, सकाळचं कोवळं ऊन पाच मिनिटं घ्यायचं आणि धुऊन टाकायचं. पण मला वैशाखाआधी बरं व्हायचं होतं. पाच मिनिटांनी एवढं होतं तर पाऊण तासानं किती होईल, असा हिशेब करून मी भर दुपारी गच्चीत, वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी, दोन्ही हात पसरून बसले. संध्याकाळी हातांवर लिंबाएवढे फोड. आमचे हे महापेच्या कंपनीतून घरी आले, त्यांनी माझे हात बघितले, मग गच्चीत जाऊन आले आणि शांतपणे म्हणाले, “बोंबील झकास वाळलेत. तू मात्र करपलीस.”

वैद्यबुवांनी कपाळाला हात लावला. बावची बंद केली, फोड बरे होईपर्यंत तूप लावायला सांगितलं आणि स्वतःच एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली. तिथे दिव्याचा उपचार होता. बाईंनी हातांचीही तपासणी केली आणि म्हणाल्या, काढा घ्यायला हरकत नाही, पण बावची आणि हा दिवा मनानं एकत्र करायचा नाही. बोटांना वेळ लागतो, घाई करू नका. हे ऐकून घरी आले त्या दिवसापासून माझा आणि देवीचा अबोला सुरू झाला.

दिवा म्हणजे काय, तर बाथरूमएवढी एक पेटी. आत चारी बाजूंना उभ्या ट्यूबलाइटी. डोळ्यांवर काळा चष्मा घालून आत उभं राहायचं, दार लागलं की जांभळट उजेड पेटतो, थोडे सेकंद आपण त्यात नवरीसारखं उभं राहायचं, की दिवा बंद. पुढच्या वेळी थोडे सेकंद जास्त. मी तर तिथे हात वर करून पोझ देत असे. बघायला कुणी नव्हतं, पण सवय वाईट. आठवड्यातून दोनदा जायचं. दोन महिन्यांनी मानेवरच्या डागात तिळाएवढे तपकिरी ठिपके उगवले. कोपरांवरही उगवले. आरशापुढे मी त्यांची मोजदाद करत बसायची. हात मात्र तसेच होते, पांढरे फटक. डॉक्टरीणबाई मान बघून खूश व्हायच्या; हात मी पदराखालीच ठेवून सांगायची, अजून तसेच आहेत, आणि त्या विचारात पडायच्या.

आता माझी लबाडी सांगते. लग्नाच्या हंगामात माझे हात नेहमीच पिवळे असतात, हे गावाला माहीत आहे. मी त्याचाच फायदा घेतला. रोज सकाळी तेलात हळद कालवून दोन्ही हातांना, मनगटांपर्यंत चोळायची. डाग दिसत नसत. बायका म्हणत, “हिचा हात कदी कोरा बगलाच नाय.” मी हसायची. उपचाराला जातानाही अख्खं गाव ओलांडून बसस्टॉपवर जावं लागे, म्हणून तेव्हाही हळद असायचीच. पेटीपाशी बसणारी सिस्टर दर वेळी विचारायची, “अंगाला काही लावलं नाही ना?” मी ठसक्यात सांगायची, “काही नाही.” आणि देवाशपथ सांगते, मी खोटं बोलत नव्हते. पावडर लावतात, क्रीम लावतात. हळद ही काय लावायची वस्तू आहे? बांगडीसारखी ती माझ्या अंगचीच. त्या अंधाऱ्या खोलीत सिस्टरलाही माझे पिवळे हात कधी वेगळे दिसले नसावेत.

माघ महिन्यातली गोष्ट. त्या सकाळी गर्दी होती, बाकावर जागा नव्हती. डोक्याला उपरणं बांधलेला, खांद्यानं दणकट असा एक माणूस सरकला आणि मला बसायला जागा दिली. त्याच्या ओठांभोवती आणि बोटांवर माझ्यासारखेच डाग. थोडा वेळ तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मी पदराखाली घेतले, तरी बघतच होता. मी आता फणकारणार, तेवढ्यात तो म्हणाला, “ताई, तुमी बी मसाला मार्केटात हाय का? हळदीच्या गाळ्यावर?”

मी म्हटलं, “नाही, मी धवलारीण.”

“ते काय आसतंय?”

मी सांगितलं. तो हसला. म्हणाला, “मी माथाडी. साताऱ्याकडचा. आवं, पंधरा वरसं हळदीची पोती वाहतूय. हितं यायला लागलो तवा माझं बी हात आसंच पिवळं. मान सुधारली, त्वांड सुधारलं, हात काय सुधरंनात. मग डाक्टरीणबाई वरडल्या. त्यो उजेड कातडीला लागाय पायजे का हळदीला? तवापास्नं साबणानं घासून येतो बगा.” आणि त्यानं आपला पंजा माझ्यापुढे धरला. मनगटापासून बोटांच्या मधल्या सांध्यांपर्यंत तपकिरी ठिपके ठिपके, जणू कुणी नाचणी उधळली होती.

तीन महिने मी त्या पेटीत हात वर करून नाचत होते, आणि उजेड बिचारा माझ्या हळदीवर डोकं आपटून परत जात होता. सिस्टरनं नाव पुकारलं तेव्हा मी म्हटलं, थांबा. बाथरूममध्ये गेले, साबणानं हात घासले, पुन्हा घासले. पिवळं पाणी वाहून गेलं आणि नळाखाली माझी दहा बोटं उघडी पडली. मला रडू आलं. त्या दिवशी बसमधून उतरून मी तशीच, कोऱ्या हातांनी, गावातून घरी चालत आले. वाण्यानं बघितलं. पोस्टाजवळच्या बायकांनी बघितलं. माझा हात कधी कोरा बघितलाच नाही असं जी म्हणायची, तिनं तर दोनदा बघितलं. ती वाट मला गावात नवरी होऊन आले त्या दिवसापेक्षा लांब वाटली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. देवळात गेले तर दार अर्धवट लोटलेलं. जत्रा जवळ आली होती म्हणून गुरवानं देवीचा जुना शेंदूर उतरवायला घेतला होता. मला बघून तो म्हणाला, “ये काकी, तुला काय, घरचीच हायस.” मी आत डोकावले. इतकी वर्षं मी फक्त तिचा शेंदरी मुखवटा बघितलेला. त्याखालचा मूळ पाषाण त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. काळा दगड, आणि त्यावर इथे तिथे पांढरे चट्टे.

आमच्याकडे खाडीकाठचे दगड असेच असतात, गुरवानं नंतर सांगितलं. असतील. मी त्याच्याशी वाद घातला नाही आणि तुमच्याशीही घालणार नाही. मी फक्त उंबऱ्याशी बसले, माझे दोन्ही हात पुढे धरले आणि तीन महिन्यांचा अबोला मोडला. पहिला शब्द काय निघाला असेल? “तुला पन?” त्यानंतर गुरवाचं काम संपेपर्यंत मी बोलत होते. साठलेल्या बातम्या पुष्कळ होत्या. हात बरे कर, असं म्हणायचं मात्र त्या दिवशी सुचलंच नाही.

वैशाख आला. मनगटावर ठिपके उगवले होते, पंजाच्या पाठीवर उगवत होते, पण बोटं पांढरीच होती. हळदीच्या संध्याकाळी नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन कळंबोलीहून आली. पुढे नवऱ्याची मावशी, भरदार बाई, हातात वाटी. प्रणाली पाटावर बसलेली, डीजे थांबलेला. मी कोरे हात घेऊन पुढे झाले. मावशीची नजर माझ्या बोटांवर पडली आणि वाटी तिच्या हातात तशीच राहिली. मला ठाऊक असलेली ती सरकण्याची वेळ हीच.

“हाताला काय झालाय गो?” मावशीनं विचारलं.

मी म्हटलं, “कोड हाय. औषध चालू हाय. तुमची इच्छा नसंल तर हळद दुसरीनं लावू दे, मी नुसता धवला सांगते.” आणि गंमत म्हणजे, हे बोलताना मला वाईट वाटत नव्हतं. ज्या भीतीपायी मी बोंबलांशेजारी भाजून घेतलं, ती समोर उभी होती आणि मी तिच्याकडे बघू शकत होते. वाटी येवो की जावो. आता ते आईकडे.

मावशीनं बोटांवरची नजर माझ्या तोंडाकडे वळवली. “गला बरा हाय ना?”

“गला झकास हाय.”

“मंग घे वाटी. कवाची उबी हाय मी, पाय दुखाया लागलं.”

आणि प्रणालीनं डोळे मिटून गाल पुढे केला. “काकी, लवकर लाव गो, फोटोवाला थांबलाय.”

मी गायले. त्या संध्याकाळी जसा आवाज लागला तसा सासूबाईंनाही ऐकायला आवडला असता. हळद पोरीच्या गालावर टेकवली तेव्हा माझ्या पांढऱ्या बोटांवर ती अशी उजळली, की मलाच नजर काढावीशी वाटली. पूर्वीच्या सावळ्या हातांवर ती इतकी कधी उठली नव्हती.

त्या माथाडी दादांची नि माझी पुन्हा कधी भेट झाली नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. अशा गोष्टी तशाच संपतात. पण खरं सांगायचं तर पुढच्याच खेपेला ते तिथे बाकावर वडापाव खात बसले होते, आणि त्यांनी मला अर्धा दिला. देव कुणाच्या रूपानं येतो ते मला कळत नाही. यावेळी तो लसणाची चटणी मागून घेत होता.

उपचार अजून चालू आहे. बोटांची टोकं हट्टी असतात, बाई म्हणतात. आली तर येतील. मी रोज साबणानं हात धुते आणि मंगळवारी देवळात जाऊन ते तसेच आईपुढे धरते. इतके दिवस मी मनातल्या मनात तिच्याकडे बरे हात मागत होते, पण हात तिच्यापासूनच लपवून. आता लपवायला काही उरलं नाही, म्हणून मागायलाही फारसं उरलं नाही. नुसत्या गप्पा मारते. आणि उठताना, पांढऱ्या बोटांनी तिच्या पायाशी चिमूटभर हळद वाहते.