पाणी न पिता पाहिलेली दोन स्थळे

बोरीचे मुंजाजीबापू कोणाच्या घरी स्थळ पाहायला गेले की ओसरीवर बसत नसत. चपला काढून ते सरळ मागच्या दारी जात, रांजणावरचे झाकण उचलून आत पाहत, न्हाणीचे पाणी कुठे वाहून जाते ते पाहत आणि मगच पुढे येऊन सतरंजीवर टेकत. "पुढून समदेच घर सारवून ठेवतेत," ते म्हणत. "मागं चला." होकार ठरेपर्यंत त्या घरचे पाणी ते पीत नसत. बापू पाणी प्याले म्हणजे लग्न जमले, हे आसपासच्या गावांना माहीत होते. जिंतूर आणि सेलू तालुक्यांतली बरीच लग्ने अशी जमली. त्यांतले मोडलेले एकही माझ्या ऐकण्यात नाही.

त्यांचे स्वतःचे दोन जावई मात्र एकमेकांशी बोलत नव्हते. थोरली सुमन वालूरला दिली होती, धाकटी कुशावर्ता सेलूला. कुशावर्ताच्या लग्नात फेटे कमी पडले आणि थोरले जावई विठ्ठलराव यांना टोपीवर भागवावे लागले. फेटे बांधणारा माणूस नवरदेवाने, म्हणजे दिगंबररावांनी, आणलेला होता. तेव्हापासून विठ्ठलरावांनी दिगंबररावांचे नाव घेतले नव्हते. उल्लेख करावाच लागला तर 'ते सेलूवाले' म्हणत. एक जावई येणार असला की दुसरा येत नसे, आणि त्यामुळे बहिणीही माहेरी एका वेळी येत नव्हत्या. बापूंच्या पत्नी गयाबाई यांचे मागणे एवढेच होते : "दोघी पोरी एका ताटात जेवताना दिसू द्या. मग माझं काय बी होऊ द्या."

त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. दोन्ही जावयांना एकाच वेळी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, असे गयाबाईंनी ठरवले. नातवंडांनी अट घातली की वॉटर पार्कला न्यायचे. ही अट सर्वांना मान्य झाली. पुढे अडले. विठ्ठलरावांना जालन्याच्या बाजूचे पार्क हवे होते, कारण तिथली घसरगुंडी उंच होती. दिगंबररावांना नांदेडच्या बाजूचे, कारण तिथे लाटा येत. वालूरहून आणि सेलूहून निरोप आला, शब्दही जवळपास सारखेच होते : त्यांच्या पसंतीचं ठरलं तर आमी येत न्हाई.

बापूंना निवड करण्याची एकच पद्धत माहीत होती. ते दोन्ही स्थळे पाहायला निघाले. बघणीला दोन माणसे लागतात, म्हणून शेजारचा मी सोबत होतो.

"मालक घरी हायेत का?" त्यांनी पहिल्या पार्कच्या तिकीट खिडकीत विचारले.

आत सोडणाऱ्या माणसाच्या गळ्यात शिट्टी होती. तो म्हणाला, "बाबा, धोतरावर चालत न्हाई. नायलॉनचा ड्रेस घालावा लागतोय."

"सोयरीक बघायला आलेल्या माणसाला चड्डी घालायला लावता?"

मॅनेजर धावत आले. हे कोणत्या तरी खात्याचे तपासणीस असावेत असा त्यांचा समज झाला आणि त्यांनी आम्हाला बाजूच्या दाराने मागे नेले. बापूंना तेच हवे होते. त्यांनी पाणी गाळायची टाकी पाहिली. सांडपाणी कुठे जाते ते पाहिले. "आधी कोणी नकार दिलाय का?" हेही विचारले. मॅनेजरांनी थंडगार पाणी पुढे केले. बापूंनी हात जोडले. "आत्ताच पाणी नको." माझा पुढे झालेला हात त्यांनी खाली केला. अंगावर येणाऱ्या कारंज्यांमधून आम्ही दोघे कोरड्या घशाने बाहेर पडलो आणि रस्त्यावरच्या टपरीवर पाणी प्यालो. टपरीवाल्यालाही त्यांनी विचारले, "मानसं कशी हायेत?" तो म्हणाला, "मानसं बरी हायेत. शिट्ट्या लय वाजवतेत."

दुसऱ्या ठिकाणीही असेच झाले. परतताना बापू म्हणाले, "दोन्ही स्थळं चांगली हायेत. खोट आपल्याकडंच हाय."

त्यांनी दोन्ही जावयांना बोरीला बोलावून घेतले. "मी बघितलं. दुसरी बघणी तुमी करायची. दोघांनी मिळून. जो जाणार न्हाई, त्याची पसंती धरली जाणार न्हाई. आन् एकाच गाडीवर जायचं. बघणीला दोन गाड्या नेल्या की काम मोडतंय." या विषयात त्यांच्यापुढे कोणी बोलत नसे. जावई एका मोटारसायकलवर बसून, मध्ये पाण्याची कॅन ठेवून, जालन्याच्या बाजूला गेले आणि दुसऱ्या दिवशी नांदेडच्या.

दोघे काळवंडून परत आल्यावर बापूंनी विचारले, "मागची टाकी बघितली का?"

ती कोणीच पाहिली नव्हती.

"मग काय बघितलं? परत जा."

ते परत गेले. आल्यावर बापूंनी सांडपाण्याचे विचारले. तेव्हा विठ्ठलरावांनी गाडीची किल्ली ओसरीवर टाकली. "मामा, आता आमी कुठंच जात न्हाई. उन्हानं दिगंबरच्या पाठीला फोड आलेत. तुमाला मानसाची काही कदर हाय का न्हाई?"

"मी पण तेच म्हणायलोय," दिगंबरराव म्हणाले.

बापूंनी गयाबाईंकडे पाहिले. "नाव घेतलं," ते म्हणाले.

वॉटर पार्क रद्द झाले. नातवंडांनी भोकाड पसरले. मग धोंडे शेतात नेले आणि लाइट आल्यावर मोटर लावून जनावरांचा हौद भरला. विठ्ठलरावांनी त्यात पत्रा तिरका लावला. तो किती उंच हवा यावर दोघांची जुंपली, पण आता ते एकमेकांशी भांडत होते. दिगंबरराव हौदात उतरून फळीने लाटा करत होते. सुमन आणि कुशावर्ता पाण्यात पाय सोडून काठावर बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये एकच ताट होते.

बापू हौदाच्या मागे गेले. पाणी कुठे वाहून जाते ते पाहिले. पुढे आल्यावर गयाबाईंनी तांब्या दिला, तो त्यांनी उभ्यानेच रिकामा केला.

नातवंडे आता मोठी झाली आहेत. वॉटर पार्क त्यांनी अजून पाहिलेले नाही. गेल्या वर्षी बापू गेले. दहाव्याला दोन्ही जावई एका मोटारसायकलवर आले. दोघांच्याही डोक्यावर टोपी होती. एवढ्या उन्हात दाटीवाटीने कशाला आलात, असे कोणी तरी म्हणाले.

विठ्ठलराव गाडी स्टँडवर लावत होते. "दोन गाड्या मामाला चालत न्हाईत," ते म्हणाले आणि दोघेही ओसरीवर न थांबता मागच्या दारी गेले.